फोटो विकायचा की भाड्याने द्यायचा?

गेल्या महिन्यात एका रविवारी असरच्या नमाजनंतर कल्याणच्या दूधनाक्याजवळ राहणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी आमची माजी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत आमच्याकडे उर्दू आणि मराठी शिकली, आता अकरावीत आहे. वडील शिवणकाम करतात. स्थळ आलंय की नोटीस, हे न कळलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी मोबाइल पुढे केला.

गेल्या वर्षीच्या चांदरातीचा फोटो होता. मुलीची नानी खिडकीपाशी बसून शीरखुर्म्यासाठी अडकित्त्याने खारका कातरते आहे. फोटोत चेहरा नाही. फक्त दोन हात, सैल झालेली चांदीची अंगठी, खाली पसरलेलं वर्तमानपत्र आणि मगरीबच्या आधीचा तो तिरपा उजेड. मुलीने तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवला होता. तिथून कोणाच्या तरी ओळखीने तो मुंबईच्या एका घरगुती मासिकाच्या कचेरीत पोहोचला. त्यांना तो ईदच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी हवा होता. निरोप तीन ओळींचा: मूळ फोटो पाठवा, सोबतचा फॉर्म सही करून पाठवा, आपला दर कळवा. पाठोपाठ चौथी ओळ आली होती की आम्ही साधारण पाचशे रुपये मानधन देतो.

"सर, छापून येतंय हेच खूप आहे," वडील म्हणाले. "वर पैशाची गोष्ट करणं बरं दिसेल का? आणि हा फॉर्म इंग्रजीत आहे, जरा बघा."

फॉर्म अर्ध्या पानाचाच होता. त्यात एक वाक्य असं होतं की या छायाचित्राचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभरासाठी, कायमस्वरूपी प्रकाशकाला दिले आहेत. आम्ही ते वाचून दाखवलं आणि सांगितलं, आज सही करू नका. आठ दिवस द्या.

हे सांगण्यात शहाणपणापेक्षा जुनी टोचणी जास्त होती. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका शाळेच्या वार्षिक अंकावर नववीतल्या एका मुलाने काढलेला खाडीपुलावरच्या पावसाचा फोटो छापला होता. आत ओळ टाकली, 'छायाचित्र : शाळेच्या संग्रहातून'. ती ओळ आम्हीच लिहिली होती. अंक वाटून झाल्यावर तो मुलगा आमच्यापाशी आला आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, संग्रह कोण आहे?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी तोच फोटो एका क्लासच्या फ्लेक्सवर दिसला. तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने? अंकात त्या मुलाचं नावच नव्हतं.

तेव्हा या आठ दिवसांत आम्ही जे वाचलं, विचारलं आणि ठरवलं, ते इथे मांडतो आहोत. मोबाइल प्रत्येक घरात आहे. मुंब्रा, राबोडी, भिवंडी, कल्याण, कुठेही जा, एखादं मूल तरी असं असतंच ज्याचा हात कॅमेऱ्यावर चांगला बसलेला असतो. उद्या तुमच्याही दारात असा फॉर्म येईल.

पहिला प्रश्न, फोटो कोणाचा? वडील म्हणाले, मोबाइल माझा. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती असं स्पष्ट म्हटलं आहे. यंत्र कोणाचं, याला अर्थ नाही. वयाचीही अट नाही. कुठे नोंदणी करावी लागत नाही, फी भरावी लागत नाही. बटण दाबलं, फोटो झाला, हक्क जन्माला आला. आणि तो लवकर मरतही नाही. 2012 साली कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. आम्ही फळ्यावर करतो तसा हिशेब वडिलांपुढे केला. मुलगी आज 16 वर्षांची आहे. अल्लाहने तिला 80 वर्षांचं आयुष्य दिलं तर 64 वर्षं ती, आणि पुढे 60 वर्षं तिचे वारस, एकूण 124 वर्षं. पाचशे रुपयांत 'कायमस्वरूपी' म्हणजे वर्षाला चार रुपये.

"चार रुपयांत काजही होत नाही," वडील म्हणाले. तिथून पुढे ते नीट ऐकू लागले.

(याच कायद्यात एक अपवाद आहे, तो लग्नघरांनी लक्षात ठेवावा. आपण पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला आणि वेगळा काही करार केला नाही, तर त्या फोटोंचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे निकाहचे फोटो स्टुडिओवाल्याने जाहिरातीला लावायचे तर त्याने तुम्हाला विचारायला हवं. किती विचारतात ते आपण पाहतोच.)

आता त्या फॉर्मकडे येऊ. आपल्या भागात लिव्ह अँड लायसन्स हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कौशापासून टिटवाळ्यापर्यंत निम्मी घरं 11 महिन्यांच्या करारावर चालतात. खोली तुमची, किल्ली तुमची, दुसऱ्याला ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या कामासाठी वापरायला दिली. त्याने तिथे पिठाची गिरणी टाकायची नाही आणि पोटभाडेकरू ठेवायचा नाही. खोली विकायची झाली तर मात्र खरेदीखत करावं लागतं, आणि मग तिथे गिरणी बसली तरी तुम्ही बोलू शकत नाही. फोटोचंही अगदी असंच आहे. वापराची परवानगी देणं म्हणजे लायसन्स, आणि मालकी लिहून देणं म्हणजे खरेदीखत. मासिकाला हवा होता एका अंकाचा मुक्काम, आणि फॉर्म पाठवला होता खरेदीखताचा. यात त्यांची लबाडी होती असं आम्ही म्हणणार नाही. बऱ्याच कचेऱ्यांत कोणीतरी कधीतरी केलेला एकच फॉर्म सगळ्यांना जातो. पण सही आपली असते.

कायदा इथे भोळ्या माणसाला थोडा आधार देतो. मालकी द्यायची असो की परवानगी, ती लेखी हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही आणि कागदात दुसरं काही ठरलेलं नसेल, तर न वापरलेला हक्क परत येतो. पण हे सगळं कागद गप्प असेल तर. कागदावर 'कायमस्वरूपी, जगभर' असं छापलेलं असेल तर हा आधार उरत नाही. आणि मुलगी 18 च्या आतली आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तिची एकटीची सही करार म्हणून चालत नाही, म्हणून वडिलांनी पालक म्हणून सही करायची. फोटो तिचा, सही तिच्या वतीने वडिलांची.

मग दर. इथे आम्हाला आधी 'मानधन' या शब्दाशी भांडायचं आहे. मराठी नियतकालिकांनी हा शब्द फार प्रेमाने वापरला. त्यात मानही आहे आणि धनही, पण पुष्कळदा मान देऊन झाल्यावर धन विसरलं जातं. मागणाऱ्याला वाटतं आपण हावरट ठरू. आमच्या समोरचा माणूस दिवसभर दर सांगून पोट भरणारा कारागीर होता, तरी मुलीच्या फोटोचा दर सांगताना त्याची जीभ अडखळत होती. आम्ही विचारलं, "शेरवानीच्या शिलाईचा दर कशावर ठरवता?"

"कामावर. अस्तर आहे का, भरतकाम आहे का, किती दिवसांत हवी."

"आणि रमजानच्या शेवटच्या आठवड्यात कोणी आणली तर?"

ते हसले. फोटोचा दरही असाच ठरतो. तो काढायला खर्च किती आला हे गौण असतं. घेणारा तो कशाला, कुठे, किती आणि किती काळ वापरणार, यावर दर ठरतो. आतल्या पानावर पाव पानाचा फोटो आणि मुखपृष्ठ, यांत फरक आहे, कारण मुखपृष्ठ अंक विकतं. हजार प्रती निघणारा अंक आणि पन्नास हजार प्रतींचा अंक, यांत फरक आहे. फक्त छापील अंक, की वेबसाइट आणि फेसबुकवरही? एकदाच, की दरवर्षी ईदला? फक्त मराठी, की त्यांच्या हिंदी-गुजराती आवृत्त्यांतही? आणि हा फोटो तुम्ही दुसऱ्या कोणाला देऊ शकता की नाही? तुमचे हात बांधायचे असतील तर त्याचे पैसे वेगळे. जाहिरात तर सर्वस्वी वेगळी गोष्ट. मजकुरासोबत छापलेला फोटो शेवयांच्या पुडीवर गेला की त्याचा भाव बदलतो.

वडिलांच्या पुतण्याने मोबाइलवर दाखवलं की फोटो विकणाऱ्या मोठ्या साइट्सवर असे फोटो फार स्वस्तात मिळतात, मग मासिक जास्त का देईल? प्रश्न बरोबर आहे. उत्तरही शिंप्यालाच ठाऊक होतं. तो रेडीमेड माल झाला, एकच नग शेकडो लोकांना विकला जातो, म्हणून स्वस्त. हा मापाने शिवलेला आहे. मासिकाला रेडीमेड चाललं असतं तर त्यांनी ते घेतलं असतं. त्यांना मुंबईहून फोटोग्राफर कल्याणला पाठवायचा झाला असता तर त्याचा दिवसाचा मोबदला, गाडीभाडं, आणि शिवाय चांदरात वर्षातून एकदाच येते. एवढा विचार केला की आपला आकडा कुठे उभा आहे ते साधारण दिसतं. तरीही पहिला आकडा आपण सांगू नये, असं आमचं मत. आधी विचारावं, मुखपृष्ठासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराला तुम्ही काय देता? त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हौशी माणूस म्हणजे फुकटचा माणूस, हा समज कुठून आला कोण जाणे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात दरवर्षी ऐकतो. मुलीला घाम आला नसेल, पण नजर तर लागली. आणि व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल काय सांगावं? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोज्याबद्दल नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा त्यातला भाव. आपल्या घरांत मात्र 'आपलीच माणसं आहेत, लिहायचं काय त्यात' हे वाक्य सगळ्यांत जास्त चालतं. लेखक, शोधक यांच्या हक्कांबद्दलही उलमांनी विचार केला आहे. 1988 च्या डिसेंबरमध्ये कुवेत इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत ठराव झाला की लेखन, शोध, व्यापारी नाव हे त्या त्या माणसाचे शरीअतला मान्य असलेले हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करणं जायज नाही. 'फॉरवर्ड आला, म्हणून वापरला' म्हणणाऱ्या आपल्या भावांनी हे वाचून ठेवावं. त्यात आपल्या जलशांची पोस्टरं बनवणारेही आले.

आता नानी. कायद्याच्या नजरेत फोटो काढणाऱ्याचा हक्क असतो. ज्याचा फोटो आहे त्याचा त्या हक्कात वाटा नसतो. म्हणून त्याला विचारायचंच नाही, असं होत नाही. हा हिशेब चुकला की काय होतं, ते जगातल्या सर्वांत गाजलेल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर घडलं आहे. 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन छायाचित्रकाराने हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून 1985 च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगभर पसरला. ती मुलगी कोण, हे छायाचित्रकारालाही माहीत नव्हतं. 2002 साली शोध घेतला तेव्हा कळलं, तिचं नाव शरबत गुला. सतरा वर्षं तिचा चेहरा जगाच्या भिंतींवर होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. फोटोच्या जायज-नाजायजपणावर उलमांत मतभेद आहेत. ज्या घरात जे मानलं जातं ते त्यांनी मानावं, त्या वादात आम्ही पडत नाही. पण ज्याच्या अंगावरून कॅमेरा फिरला त्याला विचारणं, यावर मतभेद नसावा.

म्हणून आम्ही दूधनाक्याला त्यांच्या घरी गेलो. नानींनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. त्यांना चेहऱ्याचे फोटो आवडत नाहीत, हे मुलीला माहीत होतं, म्हणूनच तिने फक्त हात घेतले होते. नानी म्हणाल्या, "मास्तर, हात दिसले तर काही नाही. ईदच्या मासिकात येऊ दे. पण उद्या कुठल्या पुडीवर नको. मी वाण्याकडे गेले आणि माझेच हात दुकानात टांगलेले, असं नको."

म्हणजे कागदातलं सर्वांत महत्त्वाचं कलम नानींनी सांगितलं: जाहिरात नाही. ते आम्ही लिहून घेतलं.

तिथेच खरी अडचण निघाली. वडिलांनी हळूच विचारलं, "फोटोखाली नाव माझं टाकलं तर? मुलीचं नाव कशाला बाहेर. लोक विचारतात, कोणी काढला, कुठे राहते." मुलगी चहाचे कप उचलत होती. ती काही बोलली नाही. कप तिने जरा जोरात ठेवले, एवढंच.

यावर आम्ही त्यांना होमाई व्यारावालांची गोष्ट सांगितली. भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जन्म 1913, नवसारीच्या पारशी घरातला. वडील उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट होते, हे आम्ही उर्दूचे शिक्षक म्हणून मुद्दाम सांगतो. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. कॅमेरा हातात आला तो माणेकशा व्यारावाला यांच्यामुळे. पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. विद्यार्थिदशेत काढलेले त्यांचे सुरुवातीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले. तेच दैनिक, ज्याचे संपादक तेव्हा सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी होते. दर होता एका फोटोला एक रुपया. एका हौशी विद्यार्थिनीचा फोटो, पण पत्राने त्याचा दर ठरवला होता आणि तो दिला होता, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. नावाचं मात्र तसं झालं नाही. 'इलस्ट्रेटेड वीकली'त त्यांचे सुरुवातीचे फोटो माणेकशांच्या नावाने छापले गेले. ती अनोळखी, शिवाय बाई, कोण विश्वास ठेवणार, असा तो काळ.

पुढे 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या. स्वातंत्र्य, फाळणीचा निर्णय, नेहरू, त्या काळाची जी चित्रं आपल्या डोळ्यांसमोर येतात त्यांतली कितीतरी त्यांनी काढलेली आहेत. 'डालडा 13' हे त्यांचं टोपणनाव. जन्म 1913 चा, माणेकशांची ओळख 13 व्या वर्षी, आणि गाडीचा नंबर डी.एल.डी. 13, म्हणून ते पडलं. 2011 साली पद्मविभूषण मिळालं, 2012 मध्ये त्या गेल्या. पण ते पहिले फोटो ज्या अंकांत छापले गेले, त्या अंकांत आजही दुसऱ्याचंच नाव आहे. छापलेला अंक मागे घेता येत नाही. माणेकशा काही वाईट गृहस्थ नव्हते, त्यांनीच त्यांना शिकवलं. रिवाज तसा होता.

आपल्या कायद्यात आज यावर चांगली तरतूद आहे. फोटो विकून टाकला, सगळे हक्क लिहून दिले, तरी 'हे काम माझं आहे' असं म्हणण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. कलम 57. काम मोडूनतोडून बदनामी होईल असं वापरलं, तर हरकत घेण्याचा हक्कही त्याच कलमात. पैसा एकदा ठरला की संपतो, नाव संपत नाही. आम्ही 'संग्रहातून' लिहिलं तेव्हा नेमकं हेच कलम पायाखाली तुडवलं होतं, आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

वडील विचारात पडले. त्यांची काळजी खोटी नाही. वस्तीत मुलीचं नाव छापून येणं म्हणजे काय, हे आम्हीही त्याच वस्त्यांत राहून पाहतो. पूर्ण नाव नको असेल तर फक्त पहिलं नाव टाकता येतं, टोपणनाव घेता येतं, आणि गाव, शाळा, कॉलेज काही न देण्याची अट घालता येते. होमाईंनी टोपणनाव घेतलं ते स्वतःचं घेतलं. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव टाकणं ही त्याहून निराळी गोष्ट. हे आमचं बोलणं चाललं असताना नानी मध्येच म्हणाल्या, "हात माझे, डोळा हिचा. तुझं काय आहे त्यात?" जावई हसले, पण कानशिलं लाल झाली होती.

फॉर्म पुन्हा उघडला तेव्हा दिसलं की छायाचित्रकाराच्या नावाच्या रकान्यात पेन्सिलीने मुलीने आपलं पहिलं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. किती दिवसांपासून, ते आम्ही विचारलं नाही.

मग कागद तयार केला. वकील लागला नाही. साध्या मराठीत, पाच-सहा वाक्यं. कोणता फोटो (फाइलचं नाव आणि तारीख). कोणाला परवानगी. कशासाठी : ईद विशेषांकाचं मुखपृष्ठ, छापील मराठी आवृत्ती, एकदाच. अंकाची जाहिरात म्हणून मुखपृष्ठाचं चित्र वेबसाइटवर आणि समाजमाध्यमांवर चालेल, एक वर्ष. इतर कुठल्याही वस्तूच्या जाहिरातीत नाही, दुसऱ्याला पुढे देता येणार नाही. त्या ईदपर्यंत आम्ही हा फोटो दुसऱ्या मासिकाला देणार नाही. नाव आतल्या पानावर, लिहिलं आहे त्याच पद्धतीने. रक्कम, आणि ती किती दिवसांत. तीन प्रती. शेवटी : यात न लिहिलेले सर्व हक्क छायाचित्रकाराकडे राहतील. हे शेवटचं वाक्य विसरू नये.

संपादक बाईंचा फोन आला. आवाज चांगला होता. म्हणाल्या, आमचा फॉर्म सगळ्यांना एकच असतो, आजवर कोणी बदलायला सांगितलं नाही. सगळे हक्क हवेच असतील तर किंमत काय, असंही विचारलं. वडिलांनी सांगितलं, ते विकायचे नाहीत, कारण त्यातले हात विकायचे नाहीत. त्यांनी तीन हजार मागितले, बाईंनी पंधराशे म्हटलं, दोन हजारांवर ठरलं. हा आकडा बाजारभाव म्हणून कोणी धरू नये. लहान खपाच्या अंकासाठी कमीही घ्यावं लागेल, आणि मोठ्या कंपनीच्या मासिकाकडून याच्या कित्येक पट मागता येईल. आपल्याच जमातीच्या एखाद्या मासिकाला, मदरशाच्या स्मरणिकेला फुकटही द्यावा, खुशीने द्यावा. पण तेव्हाही कागद करावा आणि रकमेच्या जागी 'विनामूल्य' असं लिहावं. देणगी दिली हे दोघांनाही माहीत हवं.

फाइल पाठवताना एक घोटाळा होता होता वाचला. मुलगी व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवणार होती. तसा पाठवला की तो दाबून लहान होतो. मोबाइलवर छान दिसतो, छापला की फिसकटतो. छपाईला साधारण इंचाला 300 ठिपके लागतात. साडेआठ बाय अकरा इंची मुखपृष्ठ म्हणजे 2550 गुणिले 3300. तिच्या मोबाइलचा मूळ फोटो 3000 गुणिले 4000 चा, म्हणजे पुरेसा. तो ई-मेलने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. आणि मूळ फाइल जपून ठेवायची. तिच्यात तारीख-वेळ असते, उद्या वाद झाला तर तीच साक्षीदार. स्टेटसवर ठेवायची ती लहान प्रत, मोठी कधीच नाही. फोटोस्पर्धांच्या नियमांतही अशी ओळ दडलेली असू शकते की भाग घेणाऱ्या प्रत्येक फोटोचा हक्क आयोजकाचा. बक्षीस एकाला, फोटो सगळ्यांचे. शेवटपर्यंत वाचून मगच पाठवावं.

सही झालेला कागद परत आला आहे. 'कायमस्वरूपी' वर आडवी रेघ आहे, तिच्याशेजारी 'एक अंक' आणि संपादक बाईंची आद्याक्षरं. पैसे अंक निघाल्यापासून 30 दिवसांत येतील. तीन प्रतींपैकी एक नानींनी आत्ताच मागून ठेवली आहे.

नववीतला तो मुलगा आता डोंबिवलीच्या एका कारखान्यात कामाला आहे. आम्ही त्याला शोधून फोन केला, आणि शाळेच्या अंकात तो फोटो या वर्षी पुन्हा, त्याच्या नावाने छापू का, असं विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, विचार करून सांगतो." अजून त्याचा फोन आलेला नाही.